नौतपा, सिथौलीच्या अलीकडे

शिमग्याच्या आधी, पहाटे तीनला,
चार तासांचा ब्लॉक घेऊन
आम्ही हा रूळ मोकळा केला होता.
चाव्या काढल्या, खाली रोलर सरकवले,
पंचमने लाकडी हातोड्याने नुसतं थोपटलं
आणि पाऊण किलोमीटर लोखंड
अंगातली जुनी अढी सोडून
दोन बोटं सरकलं.
झोपेत कूस बदलावी तसं, मी म्हणाले.
म्हैस उठते तशी, पंचम म्हणाला,
आणि तेच जास्त खरं होतं.

मग ताणून, मापून, पुन्हा जोडला,
मे महिना हिशेबात धरून.
कानटोपी घालून
सत्तेचाळीस अंशांची तयारी करायची.
घरी सांगितलं तर बाबा हसलेच.

पूर्वी दर तेरा मीटरवर फट असायची.
ती खटखट म्हणजे रुळाची श्वास घ्यायची जागा.
आता सांधे नाहीत, कपातला चहा हिंदकळत नाही
आणि लोखंडाला फुगायला जागा उरली नाही.
फुगलंच, तर एकच वाट:
बाजूला.

आज नौतपाचा चौथा दिवस.
लष्करात दुकानदारांनी ओली पोती टांगलीत,
कुत्री गटाराच्या काठाला पोट टेकून पडलीत.
इथे सावली म्हणजे विजेच्या खांबाची, वीतभर.
लोहचुंबकाचा थर्मामीटर रुळाच्या कुशीत चिकटवलाय.
एक दहा: एकसष्ट.
दीड: त्रेसष्ट.
एक पन्नास: पासष्ट.

चौसष्टला गस्त निघते. हरविलास कधीच निघालाय.
खांद्यावर हातोडा, काखेत लाल झेंडी,
खिशात लूवर उतारा म्हणून कांदा
आणि डब्यात तीन फटाके,
पौषातल्या धुक्यात रुळावर बांधतो तेच.
तो म्हणतो, ग्वाल्हेरात रेल्वेला ऋतू दोनच.
एकात काही दिसत नाही,
दुसऱ्यात दिसतं ते सगळं हलतं.

म्हणून तो डोळ्यांवर विसंबत नाही.
खडीवर बूट आपटतो, आवाज ऐकतो.
वळणावर थांबला. फोन केला:
"मॅडम, खांद्याची खडी गेलीय. शेळ्यांनी वाट पाडलीय.
रूळ अजून सरळ आहे,
पण त्याच्या मनात काहीतरी आहे."

मी तीस लिहून दिलं. ताशी तीस.
पंचमची गँग टोपल्या घेऊन धावली.
ह्या वेळी खडी उकरायची नसते,
नुसती भर घालायची,
तापलेल्या माणसाशी बोलावं तशी, हळू,
जुनं काही न काढता.

तेवढ्यात मालूआत्या. पुण्याहून येणाऱ्या गाडीतून.
"अगं, आंतरी जाऊन युग लोटलं!
रांगतेय नुसती. तुमची रेल्वे म्हणजे ना!
आम्रखंड आणलंय, त्याचं काय होणार?"
मी वळणाच्या आतल्या बाजूला उभी होते.
इंजिन दिसलं, उन्हात वितळत, मग घट्ट होत.
"हो आत्या, जरा काम चाललंय."
"कसलं काम? कुणी दिसत तर नाही."
एकेक डबा गेला. मी रुळाकडे बघत होते,
आत्याच्या खिडकीकडे बघायचं राहिलं.
पंचमने मात्र हात केला,
बहुतेक भलत्याच डब्याला.

रात्री आम्रखंड थोडं आंबट लागलं.
आत्याने बाबांना, बाबांनी मला ऐकवलं:
सतरा मिनिटं!
मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

त्याआधी संध्याकाळी, अठ्ठावन्नला,
हरविलास चौकीवर आला.
कांदा खिशातच भाजून निघाल्यासारखा मऊ झाला होता,
तो त्याने भिंतीपलीकडे भिरकावला.
वहीत रकाना होता: घटना.
त्याने विचारलं, काय लिहू?
निरंक लिही, मी म्हटलं.
त्याने लिहिलं, ऱ्हस्व-दीर्घ चुकवून,
खाली वेळ टाकली, सही केली,
आणि डबा उघडून फटाके मोजले.
तीन.