विभक्ती, दाभोळ जेटी

आठवी ब मध्ये विभक्तीला ज्याला मी
दहापैकी चार दिले, तो नाझीम परकार
फेरीबोटीची वाट बघत
मला तुर्की शिकवतोय.

चौदा महिने तिकडच्या जहाजावर होता.
बाटलीतल्या पाण्यात बोट बुडवून
जेटीच्या तापल्या सिमेंटवर लिहितो: एव.
घर.
मग मागे जोडत जातो.
एवे, घराकडे. एवदे, घरात.
एवदेन, घरातून.
"बघा बाई, घर तसंच राहतं.
आपलं घर प्रत्यय यायच्या आधीच वाकतं.
घरा."

सामान्यरूप. तेहतीस वर्षं फळ्यावर लिहिलं मी,
कुणी असं म्हटलं नव्हतं.

"आणि प्रत्यय?"
"तो बदलतो ना. घरात एवदे,
पण बंदरात लिमानदा.
नवा खलाशी तांडेलाच्या तालावर वल्हं मारतो, तसं."

आज्ञार्थ मात्र त्याला आधी आला.
पहिल्याच रात्री, भर वाऱ्यात, बोसन ओरडला "तुत!"
ह्याला वाटलं दोर तुटला. सोडून दिला.
तुत म्हणजे धर.
दुर ऐकून मागे मागे सरकला,
दुर म्हणजे थांब.
सांगताना हसतो. डाव्या अंगठ्याला नख नाही.

"जाऊ नको कसं म्हणतात?"
"गित म्हणजे जा. गित्मे, जाऊ नको."
"एवढंसं?"
"एवढंसंच."

"संबोधन?"
"हाकेला प्रत्यय नाही, बाई.
नुसतं नाव घ्यायचं. वाऱ्यात लांबवायचं."

धोपाव्याहून बोट आली. सिमेंटवर
घर आधी वाळलं,
शेवटी लिहिलेलं देन थोडा वेळ ओलं राहिलं.

"येतो बाई," म्हणाला,
आपल्याकडे जाणारा म्हणतो तसं.
फळी उचलली, मधलं पाणी रुंदावत गेलं,
तेव्हा आठवलं, एक विचारायचं राहिलं.
"अरे, ये ला काय म्हणतात?"
इंजिनाच्या वरताण ओरडला:
"गेल, बाई! गेल!"

मी हळू म्हणून पाहिलं. नाझीम, गेल.
पुन्हा एकदा, जरा लांबवून.

टोपलीतले बांगडे गोणपाटानं झाकता झाकता
काशी खारवीण म्हणाली,
"व्हय गो बाय, गेला.
चल, उन्हात उभी राहू नको."