झडप

रात्री अडीचला फहाहीलमध्ये एसीचा आवाज असतो
आणि त्याच्याखाली शर्वाणीची शिट्टी.
बारीक. पत्र्याच्या डब्याला पडलेल्या भोकातून
वारा जावा तशी.
मी ऐकत पडतो. कामाची सवय :
रिफायनरीत वीस वर्षं व्हॉल्व्हच बघतोय,
कुठला चिकटतो, कुठला गळतो,
कुठल्याची शिट्टी म्हणजे आत वाट अरुंद झालीये.

डॉक्टर घसाननीही तोच शब्द वापरला. व्हॉल्व्ह.
आरशासमोर बसवून तिला म्हणाले, नाक उत्तम झालंय, बघा,
दोन्ही बाजू सारख्या.
मग म्हणाले, आतली झडप जरा ढासळलीये.
जरा.
श्वास ओढला की नाकपुडी आत चिकटते,
ओल्या प्लास्टिकच्या पिशवीसारखी.
(बाराशे दिनार, सहा हप्ते. चार फिटले होते.)

कागद होता. तिनं सही केली होती, मीही, साक्षीदार म्हणून.
अरबी आणि इंग्रजी, नववं कलम की अकरावं :
श्वसनास अडथळा संभवतो.
कामावर मी परमिट वाचल्याशिवाय एक नट सैल करत नाही.
तिथे लिजी सिस्टरनं जिथे बोट ठेवलं तिथे सही केली
आणि विचारलं, पार्किंगच्या कुपनावर शिक्का
इथेच मिळेल का.

मंडळाच्या हळदीकुंकवाला ती दाबाची नथ घालून गेली
आणि अर्ध्या तासात पर्समध्ये टाकून परत आली.
बायका म्हणाल्या, चाफेकळी गं अगदी!
ती हसली.
तोंड उघडं ठेवायला हसणं बरं पडतं.

आपल्यात म्हणतात, नाक दाबलं की तोंड उघडतं.
हिचं उघडलं, पण बोलली काहीच नाही,
त्यातून नुसता श्वास घेत राहिली.
जिभेला कोरड, उशाशी तांब्या, सकाळी ओठांना व्हॅसलीन.
आमटीला फोडणी बसते, हिंग पडतो,
आणि ती मला विचारते, करपलं का रे?

कुणी सांगितलं होतं गं तुला हे?
फोनवर तिची आई विचारते, दर शुक्रवारी.
मी बाल्कनीत जाऊन वाळलेले कपडे काढतो,
न वाळलेलेही.
कुणीच नाही सांगितलं.
म्हणजे, लग्नाच्या पहिल्या वर्षी
सालमियाच्या किनाऱ्यावर, चार मित्रांत,
कणसं खाताना मी म्हणालो होतो :
आधी हिचं नाक पोचतं, मग ही.
सगळे हसले. तीही हसली.
सोळा वर्षं झाली.
मला वाटलं, मी विसरलो म्हणजे
ते संपलं.

आज संध्याकाळपासून धूळ आहे. रस्त्यावरचे दिवे
हळदीच्या पाण्यात बुडवल्यासारखे.
खिडकीच्या फटीत ओले टॉवेल कोंबलेत.
ती उठून बसते. म्हणते, दार उघड.
दार उघडून काय येणार, शर्वाणी.
मग मी डॉक्टरांनी दाखवलं होतं तसं करतो :
नाकालगत गालावर दोन बोटं,
आणि अलगद कानाकडे ओढायचं.
शिट्टी थांबते.
हवा आत जाते, लांब, पोटापर्यंत;
एवढ्या जवळून मी ती कधी
ऐकली नव्हती.

पुन्हा ऑपरेशन म्हणजे कानाची कूर्चा काढून
नाकात बसवायची. आधार म्हणून.
हो म्हणत नाही ती, नाहीही म्हणत नाही.
डोळे मिटून म्हणते, राहू दे हात.

मनगटाला मुंग्या येतात, मग तेही कळेनासं होतं.
बोटं सोडली की शिट्टी.
साडेचारला कंपनीची बस येते खाली,
ड्रायव्हर दोनदा हॉर्न देतो आणि थांबत नाही.
अजून तासभर आहे.