धरणाच्या गावात

धरण आमच्या दाराशी
आणि वीज आठवडाभर नाही.
कारिबाचं पाणी उतरलंय;
भिंतीवर जुन्या पातळ्यांचे पांढरे वळ,
पोराची उंची दारावर लिहावी तसे,
फक्त उलटे.

मुतिंता पेट्रोलपंपाच्या कट्ट्यावर बसते,
तिथे जनरेटर आहे.
भौतिकशास्त्र, पान एकशे चार:
टर्बाइन कसं फिरतं.
"हमखास येणारा प्रश्न," म्हणते
आणि डास मारते.

लुयांडो तळ्यावर, कापेंटा धरायला.
तराफ्यावर रात्रभर दिवे असतात.
उजेड दिसला की मासळी वर येते
आणि जाळं खालीच असतं.
शहराकडे बोट दाखवून तो म्हणाला,
तिकडेही असंच असेल का गं?
मी त्याला उत्तर दिलं नाही.
त्या पाण्याखाली आमच्या आजोबांचं शेत आहे.
भरपाईचा कागद अजून पत्र्याच्या पेटीत.

देशाचं पुढे काय होणार, मला विचारू नका.
मतदार यादीत यंदा पहिल्यांदा माझं नाव लागलंय,
आडनावात एक अक्षर चुकलेलं.
दुरुस्तीला दोनदा गेले.
दोन्ही वेळा संगणक बंद,
साहेब पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेले.

उद्या मक्याची कणसं भाजून सोबत नेणार आहे.
वीज येईपर्यंत
त्यांच्या समोरच बसेन.