नावे

सोळा वर्षं मी हिशेबशास्त्र शिकवलं
आणि जिमखान्याच्या रजिस्टरवर
न वाचता सही केली.
वर खेळाडूंची नावं, मध्ये 'उपस्थिती शंभर टक्के',
खाली माझी तिरकी रेघ.
पोरांची एक पै चुकली तरी मी ताळेबंद परत द्यायचो.

मल्लिनाथ हत्तरकी. बी.कॉम., तीन वर्षं.
माझ्या तासाला दोनदा आला,
दोन्ही वेळा मागच्या बाकावर, गुडघ्याला बर्फ बांधून.
खो-खोत तो खांबावर असा झेपावायचा
की शेंगा सोलणारे हात
अर्ध्यात थांबायचे.
ढाल आली. प्राचार्यांच्या केबिनमध्ये काचेआड बसली.
शेवटच्या वर्षी गुडघा गेला.
दवाखान्यात कोण गेलं होतं, मला माहीत नाही.
काच मात्र दर सोमवारी पुसली जायची.

गेल्या चैत्रात, बेचाळीस अंशांत,
होटगी रोडच्या एटीएमबाहेर
निळ्या शर्टातला वॉचमन उठून उभा राहिला.
"वळखलाव का ओ सर?"
गुडघ्यावर हात टेकून उठला, म्हणून ओळखलं.
त्यानं पासबुक पुढं केलं.
"हितं 'नावे' लिवलंय चार हजार.
म्हणजे माझ्या नावावर जमा झालं ना ओ?"

मी त्याला बासष्ट मार्क दिले होते.

जूनमध्ये समितीची बैठक. चहा, खारी,
विषय पहिला: नवे ट्रॅकसूट, रंग कोणता.
रसायनशास्त्राच्या बागवान मॅडम म्हणाल्या,
मुली कपडे कुठं बदलतात, ठाऊक आहे कुणाला?
माझ्या प्रयोगशाळेत. ॲसिडच्या कपाटामागं.
कुणीतरी पंख्याकडं बघितलं.
मी म्हणालो, मी सही करणार नाही.
आवाज इतका बारीक निघाला
की कारकुनानं 'सही केली' असंच लिहून घेतलं.
म्हणून पुन्हा म्हणालो.
मला वाटलं, क्रीडा विभागाचे येमूल सर चिडतील.
ते म्हणाले, "वीस वर्षं झाली ओ,
तुमच्यातलं कुणीतरी मैदानात उतरंल म्हणून बघतोय.
मी एकट्यानं ढाल आणू, का पोरं सांभाळू?"

मग नियम निघाला, टाईप होऊन, शिक्क्यासकट:
जो तासाला नाही, तो संघात नाही.
खाली बागवान मॅडमनी पेनानं वाढवलं:
जो जखमी आहे, तो अजून संघात आहे.

यंदा पहिल्याच फेरीत हरलो.
बार्शीकडून. एक डाव राखून हरवलं त्यांनी.
संस्थेच्या सचिवांचा फोन आला;
तो इथं लिहीत नाही.

आता पहाटे साडेपाचला मी मैदानावर असतो,
मफलर, चामड्याची चप्पल, हसण्यासारखाच दिसतो.
पूर्व भागातले माग सुरू झालेले असतात.
राजेश्वरी बोल्ली आठशे मीटर धावते.
तिची आई विड्या वळते, हजाराच्या हिशेबानं,
तो हिशेब पोरगी माझ्यापेक्षा लवकर करते.
स्टॉपवॉचचं मी चुकीचं बटण दाबतो.
"सर, तुम्ही नुसतं उभं राहा की," ती धापा टाकत म्हणते.
तेवढं जमतं.

धावून झालं की पायऱ्यांवर तास.
फरशीवर खडूनं उभी रेघ, आडवी रेघ.
डावीकडं नावे, उजवीकडं जमा.
कधीकधी मल्लिनाथ रात्रपाळी संपवून येतो,
खांब हलवून बघतो, पक्का आहे का,
आणि तिसऱ्या पायरीवर पाय लांब करून बसतो.
मी हजेरी घेतो. वाचून, एकेक.
यादीत त्याचं नाव नाही.
मी पुकारत नाही, तो काही म्हणत नाही.

खाली येमूल सर फक्की मारतायत.
रेघ जराशी वाकडी गेली.
चपलेनं पुसतात,
पुन्हा पहिल्यापासून.