तिसरं बटण

करारातलं अकरावं कलम मला आता तोंडपाठ आहे:
राष्ट्रीय प्रसिद्धी कंपनीकडे, स्थानिक प्रसिद्धी चालकाकडे.
चालक म्हणजे मी, वृषाली बेनकर,
'निर्मळ लाँड्री', धायरी फाटा, शाखा क्रमांक सदतीस.
विक्रीतले दोन टक्के दर पाच तारखेला
जाहिरात निधी नावाच्या विहिरीत सोडायचे
आणि वाकून बघायचं नाही.

मी बघितलं.
नवले पुलापाशी चाळीस फुटी होर्डिंग लागलं होतं.
पांढरा शर्ट, आत एक माणूस,
ज्यानं जन्मात स्वतःची कॉलर घासली नसावी,
आणि खाली: चोवीस तासांत चकाचक!
स्कूटर बाजूला घेऊन बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला.
जागेचं भाडं, छपाई, त्या माणसाचं मानधन, भागिले सगळ्या शाखा.
माझ्या वाट्याला आलं
शर्टाचं एक बटण.
वरून तिसरं धरलं मी. पोटाच्या जरा वरचं.
तेव्हापासून तिथून जाताना त्याच्याकडेच बघते,
बांधावरून आपल्या तुकड्याकडे बघावं तसं.

स्थानिक प्रसिद्धी म्हणजे
पहाटे साडेचारला पेपरच्या गठ्ठ्यांशी उकिडवं बसून
पुरवणीच्या पोटात एकेक पत्रक सरकवणं,
पोरांना चहा पाजणं,
आणि सातला सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यात
आपलाच फोन नंबर उताणा पडलेला पाहणं.
हा खर्च निधीत धरत नाहीत.
विचारलं होतं.

मग एक गुरुवार आला.
गुरुवारी नळाला पाणी नाही, हे आमच्याकडे
शेंबड्या पोरालाही ठाऊक.
जाहिरात लिहिणारा बसतो तिथं गुरुवार नसावा.
टँकरवाल्यानं फोन उचलला नाही.
शुक्रवारी ओगले आले, पुतणीचा साखरपुडा,
मोबाइलमध्ये होर्डिंगचा फोटो. "हे तुम्हीच लिहिलंय ना?"
म्हटलं, काका, बटण माझं आहे, वाक्य माझं नाही.
त्यांना कळलं नाही. कळणार कसं?
सदरा दमटच दिला, पैसे परत केले.
वचन राष्ट्रीय होतं,
परतावा स्थानिक.

रात्री कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून
निळ्या स्केचपेननं लिहिलं:
"गुरुवारी पाणी नसते.
आमचे चोवीस तास शुक्रवारपासून मोजावेत.
डाग तोवर कुठे पळून जात नाही."

लोक थांबले. वाचलं. हसले तरी, नाहीतर चुका काढल्या,
आणि घरी जाऊन पडदे घेऊन आले.
त्या आठवड्यात अकरा पैठण्या, एका जिमचे सगळे टॉवेल,
आणि ओगल्यांचा दुसरा सदरा.

एरिया मॅनेजर आला, कुणाल नावाचा, सडपातळ, घामाघूम.
अक्षर चुकीचं. निळा आपला निळा नाही.
ब्रँडचा आवाज असा नसतो, मॅडम.
पाचशे दंड.
पावती फाडता फाडता हळूच म्हणाला,
"तो कागद मिळेल का? वर दाखवायचाय."

दिवाळीच्या आधी पुलापाशी नवं फ्लेक्स चढलं.
डाग कुठे पळून जात नाही!
अक्षर बरोबर, निळा बरोबर.
खर्च अर्थातच निधीतून,
म्हणजे माझंच वाक्य मला वाचून दाखवायला
मीही दोन टक्के दिले.

शर्ट नव्हता त्यावर. नुसतीच अक्षरं.
परातीवरच्या कामगारांना विचारलं, जुनं काय करता?
दोनशे रुपयांत एक तुकडा कापून दिला.
तो आता मागच्या शेडमध्ये बॉयलरवर घातलाय,
एक कान, थोडी कॉलर, आणि 'चोवीस ता'.
बटण त्यात आलं नाही.
कुणाच्या गोठ्यावर गेलं कोण जाणे.

आज पाच तारीख. पैसे भरले.
गुरुवारही आजच आहे.