पुन्हा एकदा घ्या की

रात्री साडेनऊला रिपोर्ट मोबाईलवर आला.
बाकी आकडे बारीक, एकच ठळक,
शेजारी एच, भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखा.
एसजीपीटी एकसष्ट.
चाळीसपर्यंत चालतं म्हणे.

बायको म्हणाली, काय आलंय?
म्हटलं, फॅट जास्त लागलीय.
ती हसली. मी नाही.

एकतीस वर्षं वडणग्याच्या दूध संस्थेत
पहाटे पाचला मी हेच केलं:
चमचाभर दूध, एक मशीन, एक चिठ्ठी.
बायका किटल्या घेऊन रांगेत,
चिठ्ठी हातात पडली की आधी माझं तोंड वाचायच्या,
मग आकडा.
मी तोंड कोरं ठेवायला शिकलो होतो.

परवा शाहूपुरीतल्या लॅबमध्ये
पोरीनं दंडाला रबर बांधलं,
जांभळ्या टोपणाची एक, पिवळ्या टोपणाची एक,
नळ्या हलक्या हातानं उलट्यासुलट्या केल्या.
तिचंही तोंड कोरं.

रात्रभर मोबाईलला विचारत बसलो.
पहिल्या ओळीत त्यानं माझं पोट बिघडवलं,
चौथ्या ओळीत तिरडी बांधली.

हेर्लेकर डॉक्टरीणबाई राजारामपुरीत बसतात.
कागद बघायच्या आधी त्यांनी चष्मा पुसला.
"ही हद्द देवानं आखलेली नाही, काका.
धडधाकट माणसांचं रक्त घेतलं,
शंभरातली पंच्याण्णव जिथं मावली तिथं कुंपण घातलं.
उरलेली पाचही धडधाकटच होती.
म्हणून बाहेर दिसला की चोर, असं नाही.
सावच, असंही नाही.
पिता का? गोळ्या? काढे?"

मी म्हटलं, छे.

म्हणताना कळलं, हा आवाज ओळखीचा आहे.
खिडकीपलीकडून हजारदा ऐकलाय:
"पाणी? छे वो सायेब, धार काढली ती थेट हिकडं."
गुडघ्यासाठी पुतण्यानं आणलेली काढ्याची बाटली
फ्रीजच्या दारात अर्धी झालीय.

केराबाई चौगुले मात्र खोटं बोलत नव्हती.
त्या दिवशी फॅट पाच-चार लागली, सहाच्या खाली.
भाव कापला.
"सायेब, पुन्हा एकदा घ्या की.
रेडकू सुटलं हुतं रात्री, मागचं समदं दूध त्यानंच पिलं."
मागं चाळीस किटल्या खोळंबलेल्या.
मी म्हटलं, मशीन खोटं बोलत नाही.
खरंच बोलत नव्हतं.
त्याला फक्त रेडकू माहीत नव्हतं.

उठलो, दारापर्यंत गेलो, परत आलो.
"बाई, काढा घेतोय. दोन महिने झाले."
त्या रागावल्या नाहीत.
कागदावर एकच शब्द लिहिला: बंद.
"तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा घेऊ.
खाली आला तर बरं.
नाही आला तर शोधू का ते.
तोवर रडायचं नाही, आणि पेढेही वाटायचे नाहीत."

बाटली मोरीत ओतली.
कडू वास संध्याकाळपर्यंत घरभर.
कॅलेंडरवर गोल केला.

केराबाईची म्हैस पुढं विकली की मेली, आठवत नाही.
संस्थेच्या जुन्या वहीत
त्या तारखेपुढं पाच-चारच आहे,
माझ्याच अक्षरात,
शाईनं.