इमारत रिकामी करण्यास लागलेला वेळ

अमळनेर, जिनिंगच्या मागची गल्ली,
कै. हिरकणबाई स्मृती वृद्धनिवास.
खोल्या चार, खाटा अकरा.
मे महिना, सकाळचे साडेदहा,
आणि पत्र्याच्या गेटला हात लाववत नव्हता.

मी नगरपालिकेचा माणूस, पॅडवर तेवीस मुद्दे.
अग्निशामक सिलिंडर: आहे.
मुदत: गेल्या दिवाळीत संपली.
जागा: स्वयंपाकघराचं दार आपटू नये म्हणून
दाराला टेकवलेला.
रंजना भदाणे म्हणाल्या, साहेब, दाराला फार उपयोगी आहे तो.
मी हसलो नाही. फुली मारली.

कूलरची वायर पाण्याच्या बादलीवरून गेलेली.
संडासात धरायला दांडी नाही, दोरी आहे,
दोरीला गाठी, ज्याच्या त्याच्या उंचीच्या,
सुपडू मास्तरांची सगळ्यात वर.
मी लिहिलं: दांडी नाही.

मग पुढचं दार. लोखंडी जाळी, जाळीला कुलूप,
किल्ली भदाणेबाईंच्या कमरेला.
रात्री?
रात्रीही.
आग लागली तर अकरा माणसं या जाळीला...
एवढं बोललो आणि गप्प झालो,
केशरबाई डाळ निवडायच्या थांबल्या होत्या.

भदाणेबाईंनी आवाज खाली आणला.
कुलूप दगूबाईसाठी आहे.
पहाटे सव्वातीनच्या गाडीची शिटी झाली की उठते
आणि निघते. दोनदा रुळाजवळ सापडली.
रात्रीला एकच बाई परवडते मला,
तिचाही कधी डोळा लागतोच ना.

मी म्हटलं, नियम आहे,
दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे.
त्या म्हणाल्या, नियम बरोबर आहे.
पुढे काही म्हणाल्या नाहीत.

मुद्दा एकवीस: सराव.
कुलूप काढायला लावलं, शिटी फुंकली,
मोबाईलमधलं घड्याळ सुरू केलं.
झिपरू अण्णांनी आधी कवळी शोधली.
वेणूबाई म्हणाल्या, 'खरी आग नही ना? मंग माले गॅस बंद करू दे.'
मास्तर अर्ध्यातून परतले, चष्म्यासाठी.
कुणाच्या तरी वॉकरचं एक रबर निसटलेलं,
फरशीवर टक, खर्र. टक, खर्र.
चौथ्या मिनिटाला पहिला माणूस गेटपाशी पोचला
आणि तिथेच अडला.

बाहेर रस्त्याच्या मधोमध दगूबाई,
एका हातात लाल टॉवेल, दुसरा हात आडवा.
पलीकडे केळीचा ट्रॅक्टर थांबवलेला,
त्याच्यामागे दोन मोटरसायकली, एक कुल्फीवाला.
आणि आम्हालाही तोच हात:
'थांबा. गाडी यी ऱ्हायनी.'

आजी, म्हटलं, हा साधा रस्ता आहे,
माणसं उन्हात उभी आहेत.
तिने नव्या गँगमनकडे बघावं तसं बघितलं.
'घाई कोनले शे? तुले? मंग तू मर.
बाकीनास्ले काबरं मारस?'

भदाणेबाई माझ्या कानाशी आल्या:
नवरा बेटावदकडे फाटकावर होता.
त्याला दिसेनासं झालं तेव्हापासून
सात वर्षं रात्रीचं फाटक हिनेच टाकलं.
पगार त्याच्या नावावर.

मग खरंच शिटी आली, लांबून, सुरतेच्या बाजूने.
मालगाडी असावी, खडखडाट संपता संपेना.
ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं.
आम्ही सगळे उभे, मीही, पॅड डोक्यावर धरून.
ती ओठ हलवत डबे मोजत होती.
शेवटचा गेला तसा टॉवेल खाली आला.
'गयी. आते जा.'
मग एकेक जण रस्ता ओलांडून
समोरच्या निंबाखाली.

अकरा मिनिटं वीस सेकंद.
त्यातली पाच गाडीची.
वजा करायची की नाही, प्रपत्रात कुठे सांगितलेलं नाही.
तेवीसपैकी बावीस मुद्दे भरून झाले,
कुलपासमोर पेन टेकवून बसलो होतो
तेवढ्यात दगूबाईने पॅड ओढून घेतलं.
'सही कोठे करू?'

मी रिकामी ओळ दाखवली, कुठली ते न बघता.
तिने लिहिलं, एकेक अक्षर दाबून,
रेल्वेच्या वहीत लिहायची तसं:
बुधा नवल कोळी.
खाली वेळ टाकली. तीन पंधरा.